आजीच्या आठवणी, श्रद्धा आणि व्यवहारज्ञान यांचे कौटुंबिक जतन : स्वरूप, पद्धती आणि मर्यादा

सारांश

कुटुंबातील वृद्ध स्त्रीच्या आठवणी, तिची श्रद्धा आणि दैनंदिन व्यवहारातून आलेले शहाणपण हा मौखिक परंपरेचा महत्त्वाचा ठेवा आहे. हा ठेवा लेखनाअभावी एका पिढीत नाहीसा होऊ शकतो. प्रस्तुत लेखात या ठेव्याचे स्वरूप, मराठीतील त्याच्या जतनाची काही उदाहरणे, नोंदीची पद्धती आणि तिच्या नैतिक मर्यादा यांचा विचार केलेला आहे. आठवण, श्रद्धा आणि व्यवहारज्ञान या तीन गोष्टी आजीच्या बोलण्यात एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्या सुट्या करून नोंदविल्यास त्यांचा अर्थ हरवतो, असे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मौखिक इतिहास, कौटुंबिक स्मृती, जात्यावरची ओवी, कुलाचार, बोली, संमती.

१. प्रास्ताविक

मराठी कुटुंबांत वंशावळ, जमिनीचे उतारे, लग्नपत्रिका आणि जन्मपत्रिका जपून ठेवण्याची रीत आहे. या कागदपत्रांत घरातील पुरुषांची नावे पिढ्यान् पिढ्या सापडतात. परंतु ज्या स्त्रीने ते घर चालविले तिचे माहेरचे नावही अनेकदा सापडत नाही. लग्नानंतर नाव बदलण्याच्या प्रथेमुळे पणजीचे मूळ नाव काय होते, हे सांगणारे कोणी उरत नाही. घराचा लेखी इतिहास आणि घराचा जगलेला इतिहास यांत पडलेले हे अंतर भरून काढण्याचे एकच साधन उपलब्ध असते. ते म्हणजे घरातील वयोवृद्ध स्त्रीचे बोलणे.

आजी, आज्जी, मोठी आई, माय, नानी अशा निरनिराळ्या नावांनी ओळखली जाणारी ही व्यक्ती आज ऐंशीच्या घरात असेल, तर तिचा जन्म स्वातंत्र्याच्या आगेमागे झालेला असतो. जाते, चूल, विहीर आणि बैलगाडी यांचे जग तिने हाताळलेले असते आणि नातवंडांच्या हातातील मोबाइल फोनही ती पाहत असते. इतके मोठे स्थित्यंतर एकाच आयुष्यात पाहिलेली ही पिढी आता झपाट्याने कमी होत आहे. त्यामुळे तिच्या स्मृतींची नोंद करणे हे कौटुंबिक कर्तव्य आहेच, शिवाय सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनेही ते तातडीचे काम आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवॉक्स यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्मृतीच्या सामाजिक चौकटींची मांडणी केली. व्यक्ती जे आठवते ते आपल्या गटाच्या आधाराने आठवते आणि कुटुंब हा अशा गटांपैकी एक प्रमुख गट होय, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. या दृष्टीने पाहता, ऐकणारे उरले नाहीत की आठवणाऱ्याची आठवणही विरळ होत जाते. आजीला कोणी विचारीत नाही म्हणून ती सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणून तिलाही विसर पडतो. जतनाचे कार्य या दुष्टचक्राला छेद देण्यापासून सुरू होते.

२. स्मृती आणि काम यांचा संबंध

आजीला समोर बसवून ‘जुन्या आठवणी सांग’ असे म्हटले, तर बहुधा ‘काय सांगायचे, आमचे सगळे कष्टातच गेले’ असे उत्तर मिळते. याचा अर्थ तिच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही असा होत नाही. तिची स्मृती प्रश्नोत्तरांत साठविलेली नसते. ती कामात, ऋतूत आणि वस्तूंत साठविलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

जात्यावरच्या ओव्या हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. पहाटे दळताना स्त्रिया ओव्या गात. त्यांत माहेर, भाऊ, लेक, पंढरीचा विठ्ठल, सासुरवास आणि स्वतःचे दुःख असे सर्व विषय येत. जात्याचा फेरा आणि ओवीची लय यांचे नाते इतके घट्ट होते, की गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते थांबले आणि त्याबरोबर गाण्याचे निमित्तही संपले. ओव्यांवर कोणी बंदी घातली नव्हती. कष्टाचे काम सुटले ही स्त्रियांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट झाली. मात्र त्या कामाला बांधलेले वाङ्मय अबोल झाले.

पुण्यातील गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकात ग्रामीण स्त्रियांच्या साहाय्याने या ओव्यांच्या संकलनास आरंभ केला. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यास ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय सूचीची जोड दिली. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या या प्रकल्पात जमा झाल्या. २०१७पासून ‘पारी’ या संस्थेच्या अभिलेखागारातून त्या प्रसिद्ध होत आल्या आहेत. या संकलनाचे विशेष महत्त्व असे, की त्यात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव यांचीही नोंद आहे. लोकसाहित्य ‘निनावी’ असते या समजुतीला त्यामुळे तडा जातो. ओवी परंपरेची असली तरी ती निवडणारी, बदलणारी आणि आपल्या दुःखाला जुळवून घेणारी स्त्री विशिष्ट असते.

कौटुंबिक नोंदीसाठी यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. आजीच्या हातात जात्याचा खुंटा, निवडण्यासाठी तांदळाचे सूप, जुने लुगडे किंवा लग्नातील एखादे भांडे दिले, की आठवणी आपोआप येऊ लागतात. भांड्यावर कोरलेले नाव आणि तारीख पाहून ते कोणी दिले, कोणत्या प्रसंगी दिले, त्या वेळी घरात कोण होते हे सर्व ती सांगू शकते.

३. मराठीतील तीन उदाहरणे

कुटुंबाने स्त्रीचे बोलणे टिकविल्याची काही मोलाची उदाहरणे मराठी साहित्यात आहेत. त्यांपैकी तीन येथे विचारात घेता येतील.

पहिले उदाहरण बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे आहे. जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्या गाणी रचीत. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी आणि आप्त पितांबर चौधरी यांनी यांतील काही गाणी टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. म्हणजे आज मराठी अभ्यासक्रमात मानाचे स्थान असलेली ही कविता एका घरातील वहीमुळे उरली. जेवढे टिपले गेले तेवढेच उरले, हेही तितकेच खरे. विशेष म्हणजे टिपणाऱ्यांनी तिची बोली प्रमाण मराठीत बदलली नाही. ती बदलली असती तर अर्थ कदाचित राहिला असता; बहिणाबाई राहिल्या नसत्या.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेत जी उलथापालथ झाली, ती त्यांनी घरगुती बोलण्याच्या भाषेत आणि विनोदबुद्धी न गमावता सांगितली आहे. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारातून बाहेर पडण्याचा त्यांचा प्रवास एका दिवसात झालेला नाही, हे त्या लपवीत नाहीत. या ग्रंथाचे पुढील काळातील संपादन त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी केले. आजीचे शब्द नातवाने सांभाळण्याचे हे मराठीतील एक ठळक उदाहरण म्हणता येईल.

तिसरे उदाहरण साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकाचे. येथे आईचे संस्कार मुलाच्या मुखातून येतात. आई स्वतः बोलत नाही. मुलाला जशी आठवली तशी ती वाचकांस दिसते. ही पद्धती गौण ठरत नाही, परंतु ती वेगळी आहे. ‘स्मृतिचित्रे’त स्त्री स्वतःविषयी बोलते, ‘श्यामची आई’त तिच्याविषयी बोलले जाते. आजीच्या जतनाचा विचार करताना हे दोन प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक आहे. ‘आमची आजी किती प्रेमळ होती’ असे लिहिणारे नातवंड आपल्या स्मृतीचे जतन करीत असते, आजीच्या स्मृतीचे नव्हे. दोन्ही नोंदी घराला हव्या आहेत. मात्र आजी हयात असेपर्यंत पहिला हक्क तिच्या शब्दांचा आहे.

४. आठवणींचा कालनिर्णय

आजीच्या कथनात सनावळी क्वचितच असतात. ‘थोरला रांगत होता तेव्हा’, ‘सासूबाई गेल्या त्या साली’ अशी तिची कालगणना असते. ही कालगणना सदोष नाही. तिचा केंद्रबिंदू वेगळा आहे. मुलांचे जन्म, मृत्यू, सण आणि पीकपाणी यांभोवती ती फिरते. अभ्यासकाचे किंवा नातवंडाचे काम तिला सार्वजनिक घटनांशी जोडण्याचे आहे.

त्यासाठी महाराष्ट्रात काही खुणेच्या घटना उपयोगी पडतात. मराठवाड्यातील वृद्धांना रझाकारांचा काळ आणि सप्टेंबर १९४८मधील पोलीस कारवाई आठवते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. त्यामुळे एखादी वस्तू ‘दोन आण्यांना’ घेतली की ‘पंधरा नव्या पैशांना’, यावरून प्रसंगाचा अंदाज बांधता येतो. मात्र आण्यांत बोलण्याची सवय पुढेही बराच काळ टिकली, हे ध्यानात ठेवावे लागते. १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७चा पहाटेचा कोयना भूकंप आणि १९७२चा दुष्काळ हे असेच टप्पे आहेत. गोव्यातील आजीसाठी १९ डिसेंबर १९६१ हा मुक्तिदिन अशीच खूण ठरतो. दुष्काळाची आठवण काढली, की खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि परदेशी लाल मिलो यांच्याविषयी ग्रामीण स्त्रिया तपशिलाने बोलू लागतात. त्या काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेला १९७७च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले, हे पुस्तकात सापडते. तान्हे मूल बांधावर निजवून खडी फोडताना काय वाटत होते, हे केवळ त्या स्त्रीजवळ सापडते.

सण आणि घटना यांची सांगड कशी पडते, याचे उदाहरण लातूर-धाराशिव भागात मिळते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. त्यामुळे तारखेपेक्षा ‘गणपती बोळवले त्या रात्री’ हीच खूण लोकांच्या मनात अधिक पक्की आहे.

आठवण चुकीची निघाली तर काय करावे, हा प्रश्न येथे उद्भवतो. इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलाद-नगरीतील एका कामगाराच्या मृत्यूच्या आठवणींचा अभ्यास केला. लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली एका निदर्शनात मारला गेला. परंतु अनेक कामगारांच्या स्मृतीत ही घटना १९५३च्या कामगारकपातीच्या आंदोलनाशी जोडली गेली होती. पोर्तेल्ली यांनी ही चूक टाकून दिली नाही. लोकांना त्या मृत्यूचा अर्थ कोणत्या संघर्षात दिसला, हे त्या चुकीतूनच कळते असे त्यांनी दाखविले. आजीच्या बाबतीतही हाच विवेक हवा. तिने सांगितले ते जसेच्या तसे नोंदवावे आणि पडताळणीची टीप वेगळी द्यावी. तिच्या वाक्यात दुरुस्ती करू नये.

५. श्रद्धेची नोंद

आजीच्या श्रद्धेची नोंद करताना दोन टोकांच्या चुका संभवतात. एका टोकाला तिची प्रत्येक कृती ‘शास्त्रीय’ असल्याचे सिद्ध करण्याचा उत्साह असतो, तर दुसऱ्या टोकाला ती अंधश्रद्धा म्हणून गाळण्याची घाई असते. दोन्ही प्रकारांत आजीचे म्हणणे बाजूला राहते.

श्रद्धेची नोंद तीन पातळ्यांवर करता येते. पहिली पातळी आचाराची. कुलदैवत कोणते, तळी भरण्याची रीत कशी, गोंधळ किंवा बोडण कधी घालतात, गौरी कोणत्या स्वरूपात बसवितात, खड्यांच्या, मुखवट्यांच्या की तेरड्याच्या, नैवेद्य कोणता, या बाबी घरोघरी भिन्न असतात आणि त्यांचे ज्ञान प्रायः स्त्रियांकडे असते. दुसरी पातळी कथनाची. श्रावणातील वारांच्या कहाण्या, व्रतांमागील गोष्टी, हस्त नक्षत्रात हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून म्हणण्याची भोंडल्याची किंवा हादग्याची गाणी या सदरात येतात. छापील पुस्तकातील कहाणी आणि आजीची कहाणी यांत जो फरक असेल, तो विशेष काळजीने टिपावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची पातळी अर्थाची. हे व्रत तिने का धरले, कोणाच्या आजारपणात धरले, कधी सोडले, देवावर राग कधी आला, वारीला पहिल्यांदा कोणाबरोबर गेली, या प्रश्नांतून श्रद्धेचे चरित्र उलगडते.

श्रद्धा ही स्थिर वस्तू नाही, हे विसरता कामा नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो कुटुंबांनी त्यांचे अनुसरण केले. त्या घरांतील आज्यांच्या स्मृतीत देव्हारा बदलण्याचा प्रसंग असतो. जुने देव कोणी विसर्जित केले, सासूने काय म्हटले, मुलांना शाळेत घालण्याचा निर्धार कसा झाला, हा श्रद्धेचाच इतिहास आहे. जात्यावरच्या ओव्यांतही विठ्ठलाबरोबर बाबासाहेब येतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन या स्मृतींना लेखी रूप दिले. घरगुती नोंद आणि सार्वजनिक इतिहास यांतील सीमारेषा किती पुसट असते, याचा हा ग्रंथ साक्षीदार आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, जैन, आदिवासी कुटुंबांतील वृद्ध स्त्रियांच्या बाबतीतही हीच दृष्टी लागू पडते.

६. व्यवहारज्ञान : शब्द आणि संदर्भ

आजीचे व्यवहारज्ञान बहुधा म्हणी, मापे, खुणा आणि हाताच्या अंदाजात असते. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही धान्याची मापे दशमान पद्धतीनंतर बाजारातून गेली. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे एक पायली, हे कोष्टक तिला पाठ असते. ही मापे आकारमानाची होती. त्यामुळे एका पायलीत ज्वारी किती आणि बाजरी किती बसते, हे वजनात सांगता येत नाही. तिने सांगितलेली पाककृती ग्रॅममध्ये रूपांतरित करण्यापूर्वी तिचे माप प्रत्यक्ष पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पावसाचे ज्ञान नक्षत्रांत बांधलेले असते. सुमारे तेरा-चौदा दिवसांचे एक नक्षत्र धरून रोहिणी, मृग, आर्द्रा असा क्रम मोजला जातो. पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ ही नावे केवळ काव्य नाहीत. पेरणी, लावणी आणि कोळपणी यांची आखणी त्यांच्या आधाराने होत असे. धान्य साठविण्यासाठी कणगी, पेव आणि बळद यांचा वापर, बियाण्याला राख चोळणे, धान्यात कडुलिंबाचा पाला घालणे, तांदळाला एरंडेल लावणे या रीतींमागे किडीचा आणि ओलाव्याचा अनुभव होता.

हे सर्व नोंदविताना ‘काय’ याबरोबर ‘केव्हा’ आणि ‘का’ हेही नोंदवावे. पिठात पाणी ‘बेताचे’ घालायचे असे आजी म्हणते, तेव्हा तो ‘बेत’ पिठाच्या जुनेपणावर आणि हवेवर अवलंबून असतो. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते आणि मग आधणाचे पाणी वापरावे लागते. हे वाक्य पाककृतीच्या पुस्तकात एका ओळीत मावते. परंतु ते शिकण्यासाठी कोणती सासू बोलली होती आणि कोणत्या जावेने गुपचूप शिकविले, ही आठवण त्याच्याशी जोडलेली असते. व्यवहारज्ञान, आठवण आणि नाती यांची वीण ती हीच. औषधोपचारांच्या बाबतीत मात्र नोंद आणि अनुसरण यांत फरक करावा. घरगुती औषधाची माहिती इतिहास म्हणून जपावी. वैद्यकीय सल्ल्याशिवाय, विशेषतः लहान मुलांवर, तिचा प्रयोग करू नये.

७. नोंदीची पद्धती

प्रत्यक्ष नोंदीसाठी पुढील बाबी उपयुक्त ठरतात.

(अ) वेळ आणि बैठक : एका बैठकीचा काळ पाऊण तासाहून अधिक नसावा. आजीच्या दिनक्रमातील मोकळी वेळ निवडावी. दूरदर्शन संच, पंखा आणि मिक्सर यांचा आवाज ध्वनिमुद्रणात अडथळा आणतो. म्हणून ते बंद ठेवावेत.

(आ) प्रश्न : ‘हो’ किंवा ‘नाही’ यांत उत्तर संपेल असे प्रश्न टाळावेत. ‘लग्न कधी झाले?’ याऐवजी ‘लग्न होऊन या घरात आलात त्या दिवशी उंबऱ्यात कोण उभे होते?’ असा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. मध्येच दुरुस्ती करू नये आणि शांतता पडल्यास ती भरून काढण्याची घाई करू नये.

(इ) विचारणारा कोण : सुनेला सांगितलेली गोष्ट आणि नातीला सांगितलेली गोष्ट एक नसते. मुलासमोर आजी सासूविषयी बोलत नाही, नातीसमोर बोलते. म्हणून एकाच विषयावर कुटुंबातील दोन निरनिराळ्या व्यक्तींनी ऐकणे इष्ट असते आणि कोणी ऐकले याची नोंदही आवश्यक असते.

(ई) लेखन : ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः लेखन करणे हे कष्टाचे काम असून एका तासाच्या मुद्रणास साधारणतः चार ते सहा तास लागतात. बोली तशीच ठेवावी. ‘व्हतं’चे ‘होते’ करू नये. अपरिचित शब्दाचा अर्थ तळटीपेत, शक्य तर आजीच्याच शब्दांत द्यावा.

(उ) साठवण : मूळ ध्वनिफितीची संचिका न कापता ठेवावी. संचिकेच्या नावात दिनांक, स्थळ आणि विषय असावा. तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा संकेत पाळावा. अनेक घरांतील जुन्या कॅसेट आज वाजविता येत नाहीत, कारण त्या वाजविणारे यंत्रच उरले नाही. कागदावरील सुवाच्य प्रत म्हणूनच आजही सर्वांत भरवशाची आहे.

८. मौन, संमती आणि मर्यादा

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली ‘जीवनाचे पुनरावलोकन’ ही संकल्पना मांडली. वृद्धांचे गतकाळात रमणे हे बुद्धीच्या ऱ्हासाचे लक्षण न मानता, आयुष्याचा अर्थ लावण्याची ती स्वाभाविक प्रक्रिया आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. ही प्रक्रिया समाधान देऊ शकते, तशी ती पश्चात्ताप आणि शोकही जागा करू शकते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. त्यामुळे गेलेले मूल, सोडलेली शाळा, सासरचा छळ, फाळणी किंवा धरणामुळे झालेले विस्थापन अशा विषयांकडे वळताना आजीच्या मनःस्थितीचा विचार प्रथम करावा लागतो.

कुटुंबात आजीची प्रतिमा उजळ करण्याकडे सर्वांचा कल असतो. तिच्या हातचे लोणचे, तिची भक्ती आणि तिची माया यांची नोंद आनंदाने होते; तिचा राग, तिच्या मनातील सल आणि तिच्यावर झालेला अन्याय गाळला जातो. कित्येकदा तो अन्याय करणारी माणसेही त्याच घरातील असतात. अशी काटछाट केलेली नोंद घराला सोयीची असली तरी ती आजीला दुसऱ्यांदा गप्प करते. याउलट, जे तिला सांगायचे नाही ते खोदून काढण्याचा अधिकारही कोणाला नाही. मौन हा तिचा निर्णय असेल तर तोच नोंदीचा भाग होय.

म्हणून संमती ही केवळ औपचारिकता नव्हे. कोणता भाग सर्वांसाठी, कोणता घरापुरता आणि कोणता आपल्या पश्चात उघडावा, हे आजीने ठरवावे. प्रत्येक बैठकीनंतर तिला मुद्रण ऐकवावे व नको असलेला भाग वगळण्याची मुभा द्यावी. तिचे बोलणे समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी तिला त्या माध्यमाची व्याप्ती समजावून सांगावी. घरातल्या माणसांना सांगितलेली गोष्ट अनोळखी लोक ऐकतील, ही कल्पना तिला असेलच असे गृहीत धरता येत नाही.

९. महाविद्यालयाची भूमिका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०च्या अंमलबजावणीत पदवी स्तरावर क्षेत्र प्रकल्पांना स्थान मिळाले आहे. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, गृहविज्ञान, वनस्पतिशास्त्र आणि मानसशास्त्र या विभागांना एकत्रितपणे हाती घेता येईल असा हा विषय आहे. विद्यार्थ्याने स्वतःच्या आजीची किंवा शेजारच्या वृद्ध स्त्रीची तीन बैठकींत मुलाखत घ्यावी, त्यातील एका बैठकीचे शब्दशः लेखन करावे आणि वीस बोली शब्दांचा अर्थासह संग्रह करावा, एवढी मर्यादित अपेक्षा ठेवली तरी काही वर्षांत परिसराचा मोलाचा दस्तऐवज उभा राहू शकतो. नोंदीची पहिली प्रत त्या कुटुंबाला द्यावी आणि ग्रंथालयातील प्रत संमतीच्या अटींवरच खुली करावी. २००३च्या युनेस्को करारात अमूर्त सांस्कृतिक वारशामध्ये मौखिक परंपरांचा आणि त्यांची वाहक म्हणून भाषेचा समावेश केलेला आहे. भारताने २००५ साली हा करार स्वीकारला. तथापि अशा वारशाचे पहिले रक्षक शासन नसून घर असते. महाविद्यालय त्या घराला पद्धती आणि शिस्त देऊ शकते.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की आजीचे जतन म्हणजे तिच्याविषयीच्या गोड आठवणींचा संग्रह नव्हे. तिचे शब्द तिच्या बोलीत, तिच्या कामाच्या आणि नात्यांच्या संदर्भासह आणि तिच्या इच्छेच्या मर्यादेत टिकविणे हे त्याचे खरे स्वरूप आहे. नातवंडांना त्यातून पाककृती, व्रते आणि म्हणी मिळतीलच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपले घर कोणाच्या श्रमावर उभे राहिले आणि त्या व्यक्तीने कशाच्या आधाराने दिवस काढले, याचे उत्तर मिळेल. बहिणाबाईंची गाणी उरली ती घरातील कोणी तरी वेळेवर लेखणी उचलली म्हणून. हे काम विद्वत्तेची वाट पाहत नाही. त्याला आज संध्याकाळचा पाऊण तास आणि ऐकून घेण्याची तयारी एवढेच पुरेसे आहे.